कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता सोनोग्राफी

पावसाळ्यात मीरा रोडच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत दोन प्रकारचे पेशंट हमखास दिसतात. एक तापाने फणफणलेले आणि दुसरे सुजलेल्या पायाचे. मिठागरं आणि खाजणं बुजवून वाढलेलं हे शहर. पाणी तुंबलं की स्टेशनपासून घरापर्यंत गढूळ पाण्यातूनच जावं लागतं. टाचेला भेग असते, बोटांत चिखल्या झालेल्या असतात. दोन-तीन दिवसांत पोटरी लालभडक, गरम आणि टणक होते.

अशा पायाबद्दल डॉक्टरपुढे प्रश्न एकच असतो: आत पू झालाय की नाही? नुसता कातडीखालचा संसर्ग असेल तर अँटिबायोटिक पुरतं. पू साचला असेल तर चिरा द्यावाच लागतो, कारण साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात, आणि सूज जाड असली की बोटाने दाबूनही खात्री होत नाही.

इथे सोनोग्राफीचा सपाट प्रोब कामाला येतो. जेल लावून तो पोटरीवर ठेवला की नुसत्या संसर्गात कातडीखालची चरबी फरसबंदीसारखी दिसते: पांढरे गोळे आणि त्यांच्यामधून गेलेल्या काळ्या रेघा. त्या रेघा म्हणजे झिरपलेलं पाणी. पू असेल तर काळपट पोकळी दिसते आणि प्रोबने हलकेच दाबलं की आतला गाळ हलतो. काम काही मिनिटांचं. पेशंटला स्ट्रेचरवरून उठवावंही लागत नाही.

छातीचंही तसंच. निरोगी फुप्फुसात हवा असते, त्यामुळे तिथे खरं चित्र उमटतच नाही, फक्त आडव्या प्रतिध्वनीच्या रेघा दिसतात. न्यूमोनियाने फुप्फुसाचा भाग भरला की तोच भाग पडद्यावर यकृतासारखा भरीव दिसायला लागतो. डॅनियल लिश्टनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी 2008 मध्ये धाप लागलेल्या पेशंटसाठी फुप्फुसाच्या सोनोग्राफीची एक ठरावीक पद्धत मांडली. जगभरच्या अतिदक्षता विभागांत ती आता शिकवली जाते. डेंग्यूच्या मुलात पित्ताशयाची जाडावलेली भिंत आणि फुप्फुसाभोवतीचं पाणी दिसलं, की रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागल्याचा इशारा मिळतो. तापाबरोबर मूत्रपिंड फुगलेलं दिसलं तर नुसती इंजेक्शनं देऊन भागत नाही. अडलेली लघवी मोकळी करावी लागते, आणि तीही तातडीने.

जंतू कोणता, हे मात्र हे यंत्र सांगत नाही. टीबीसाठी थुंकीची तपासणी हवीच. फुप्फुसाच्या कडेपर्यंत न आलेला न्यूमोनिया निसटू शकतो. स्नायूंच्या आवरणापर्यंत पसरलेल्या घातक संसर्गात सोनोग्राफी साधी दिसली म्हणून सर्जनने थांबायचं नसतं. तरीही घाव कुठे आहे हे लवकर कळणं मोलाचं आहे. सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू करावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या तासात आपल्याकडच्या नातेवाइकांना काय ऐकायला मिळतं? "सोनोग्राफीवाले डॉक्टर सकाळी येतील." मग रिक्षा किंवा अँब्युलन्स करून बोरिवली-कांदिवलीकडे धाव.

यंत्र महाग आहे म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. खरी अडचण परवानगी आणि प्रशिक्षणाची आहे, आणि दोन्ही गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याशी बांधलेली आहेत. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात 2001 मध्ये 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. त्यामुळे हा कायदा सैल करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही. मुली मारल्या गेल्या त्या याच यंत्राच्या आधाराने, आणि त्यात डॉक्टरच होते.

पण कायद्यात काय लिहिलंय तेही नीट वाचावं. 2012 च्या दुरुस्तीनुसार पोर्टेबल मशीन नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात, तिथल्या दाखल पेशंटसाठी वापरता येतं. एफ फॉर्म भरायचा असतो तो गरोदर स्त्रीच्या तपासणीचा. पन्नाशीच्या पुरुषाच्या पोटरीसाठी तो लागत नाही. अडतं ते पुढे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी 2014 मध्ये सहा महिन्यांचं जे प्रशिक्षण ठरवलं, त्याच्या नावातच पोट आणि ओटीपोट आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरला ज्या छातीची आणि पायाची गरज पडते, त्यांचा त्यात उल्लेख नाही. आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषय म्हणून देशात मान्यता मिळाली 2009 मध्ये, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरसाठी वेगळी, स्वच्छ वाट अजून आखलेली नाही. मग प्रोब हातात घ्यायलाच तो घाबरतो. कागदपत्रांतल्या चुकीलाही गुन्हाच मानणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम ठेवल्या, तेव्हा ही भीती उगाच नाही.

वाट आखता येते. छाती, कातडी, यकृत, मूत्रपिंड एवढ्यापुरतं मर्यादित प्रशिक्षण द्या. मशीनची नोंद कॅज्युअल्टीच्या नावाने करा, प्रत्येक तपासणीचं चित्र साठवून ठेवणं बंधनकारक करा आणि ते आरोग्य अधिकाऱ्याला केव्हाही बघता येऊ द्या. गरोदर स्त्री आली तर तपासणी पूर्वीच्याच नियमांनी, पूर्वीच्याच तज्ज्ञांकडून. यातला प्रशिक्षणाचा निर्णय दिल्लीचा आणि राज्याचा आहे. पण मशीनची नोंदणी आणि तपासणी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आहे. मीरा-भाईंदरच्या आरोग्य खात्याने या पावसाळ्याआधी एवढं तरी करावं: शहरातल्या कोणत्या कॅज्युअल्टीत रात्रीही सोनोग्राफी होते, याची यादी काढावी आणि ती रुग्णालयांच्या दारावर मराठीत लावावी.