शिक्का पुसला, माणूस नव्हे

‘फादर, त्यांनी आम्हांला फसवले!’ गायकवृंदातील एका तरुणाने ही तक्रार मांडली, तेव्हा क्षणभर मला वाटले, कोणी त्याचे पैसे बुडवले असावेत. चौकशीअंती कळले, की आरोपी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे आहेत आणि त्यांचा गुन्हा म्हणजे त्यांनी आपल्या गाण्याचा सूर बदलला. बँडचे नाव अंडरओथ. वादाचा अल्बम २०१८ सालचा ‘इरेज मी’, म्हणजे ‘मला पुसून टाका’. या तरुणाने त्यांचे अल्बम अलीकडेच क्रमाने ऐकले होते. आरोप दूरदेशीचा खरा. परंतु ज्या वृत्तीतून तो उपजतो, ती आपल्या धर्मग्रामांतही ठाण मांडून बसली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९९७ साली स्थापन झालेला हा बँड ‘मेटलकोअर’ प्रकारात मोडतो. हार्डकोअर पंक आणि हेवी मेटल यांच्या संकरातून तो प्रकार जन्मला. गळा फाडून केलेला आक्रोश, घणाघाती गिटार आणि मध्येच लय मंदावून घातलेले जड आघात ही त्याची लक्षणे. स्पेन्सर चेंबरलेनचा आक्रोश आणि ड्रम वाजवता वाजवता गाणाऱ्या एरन गिलेस्पीचा मोकळा सूर, ही अंडरओथची ओळख. टूथ अँड नेल कंपनीच्या सॉलिड स्टेट या शाखेने त्यांचे अल्बम काढले आणि ‘ख्रिस्ती बँड’ म्हणून ते घरोघरी पोहोचले. २००६ सालचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. २०१३ साली बँड विसर्जित झाला, २०१५ साली पुन्हा एकत्र आला. मग आला ‘इरेज मी’. आक्रोश ओसरला, इलेक्ट्रॉनिक ध्वनी आले, चटकन ओठांवर बसणारी धृपदे आली, आणि आधी प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच गाण्यात शिवी आली. आपण आता ख्रिस्ती बँड नाही, हेही त्यांनी उघडपणे सांगितले.

पहिला आरोप सुराचा. मी विचारतो, मूळ सूर कोणता? जो सूर ‘खरा’ म्हणून कवटाळला जातो, तो २००४ सालच्या अल्बमातला; आणि तो तरी कुठे मूळ होता? गायक बदलल्यावर आधीचा काळवंडलेला, कर्कश बाज मागे टाकूनच तो आला होता. एका बदलाच्या पोटी जन्मलेल्या गोष्टीला सनातन मानायचे आणि पुढच्या बदलाला विश्वासघात म्हणायचे, हा कोणता न्याय?

आपण ख्रिस्तसभेच्या लेकरांनी तर असे बोलूच नये. चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी नव्या बहुस्वरी गायनाच्या अतिरेकावर कडक निर्बंध घातले. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पालेस्त्रिनाचे बहुस्वरी गायन गौरवले. मात्र पियानोला देवळात मनाई केली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाचा मान राखून प्रत्येक देशाच्या संगीताला वेदीपाशी वाट करून दिली. संत आगस्तीन यांनाही गीताच्या अर्थापेक्षा सुराचीच मोहिनी पडते, या जाणिवेने अपराधी वाटे. तरीही त्यांनी देवळातून गाणे हद्दपार केले नाही. उपासनासंगीताला नियम हवेतच, कारण ते साऱ्या समुदायाची प्रार्थना असते. परंतु अल्बम म्हणजे मिस्सा नव्हे. वेदीचे नियम बाजाराच्या मालाला लावणे हा दोहोंचाही अवमान आहे.

दुसरा आरोप अधिक गंभीर, श्रद्धेचा. चेंबरलेन व्यसनाशी झालेल्या आपल्या झुंजीविषयी जाहीरपणे बोलला आहे. माणूस आतून कोसळत असताना त्याच्यावरचा ‘ख्रिस्ती’ हा शिक्का तेवढा शाबूत राहावा, अशी आपली अपेक्षा आहे काय? ही श्रद्धेची काळजी नव्हे. ही गिऱ्हाइकाची तक्रार आहे. डबा तोच, चव वेगळी का, असे विचारणारी! बायबलमधील ८८ वे स्तोत्र उघडून पाहा. ते आशेच्या एका किरणाशिवाय, अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. ज्या धर्माने असा आक्रोश पवित्र ग्रंथात जपला, त्याच्या अनुयायांना शंकेचा एक सूर सोसवू नये?

याचा अर्थ मी शिवीचे समर्थन करतो असा नाही. शिवी म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, आणि शिक्का उतरवणे म्हणजे मुक्ती नव्हे. या मंडळींनी जे सोडले, ते मोलाचे होते, असे मी धर्मगुरू म्हणून ठामपणे म्हणेन. परंतु ओठांवर आलेलुया आणि अंतःकरणात राख, यापेक्षा उघड दुरावा बरा. त्याला निदान हाक तरी मारता येते.

एवढे बोलून झाल्यावर तो तरुण गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘फादर, मिस्सेत गाताना मला हल्ली काहीच वाटत नाही. गायकवृंद सोडू का?’ तेव्हा मला उमगले, की फसवणुकीचा राग अंडरओथवर नव्हताच. आपल्याला जे बोलण्याचे धाडस झाले नाही, ते त्यांनी बोलून दाखवले, याचे ते दुःख होते. मी म्हणालो, ‘बाळा, सोडू नकोस. वाटत नाही, हेच देवाला सांगत गा.’

आईवडिलांनो, आपल्या घरातही असा एखादा तरुण असेल. त्याचा सूर बदलला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवू नका. आत काय चालले आहे ते आधी विचारा. प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात पेत्राने शापशपथा वाहून प्रभूला नाकारले. प्रभूने त्याचे नाव पुसले नाही; पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी त्याला तीनदा प्रेमाविषयीच विचारले. पुसून टाकण्याचा अधिकार ज्याला होता, त्याने तो वापरला नाही. मग तो वापरणारे आपण कोण?