वारशातली जोखीम

शिर्डीत नगर-मनमाड रस्त्यालगत अनेक पिढीजात दुकाने आहेत. अशा एखाद्या दुकानात गल्ल्यावर बसणारे सत्तरीचे गृहस्थ तोंडपाठ भाव विसरू लागले, एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे देऊ लागले, की घरात दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘वय झाले.’ दुसरे, दबक्या आवाजात, ‘त्यांच्या आईचेही असेच झाले होते.’ पहिल्या वाक्याने उपचार लांबतो. दुसऱ्याने मुलांच्या मनात भीती शिरते आणि सोयरिकीच्या काळजीने आजार झाकला जातो.

पासष्टीनंतर होणाऱ्या अल्झायमरशी सर्वाधिक निगडित असलेले जनुक म्हणजे ‘एपीओई’. त्याचा हा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिला. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील या जनुकाची प्रमुख रूपे तीन: ई-२, ई-३ आणि ई-४. प्रत्येकाकडे आईकडून एक व वडिलांकडून एक अशा दोन प्रती येतात. ई-४ ची एक प्रत असल्यास धोका साधारण तिप्पट होतो, दोन असल्यास त्याहून बराच अधिक. ई-२ मात्र काहीसे संरक्षण देते. तरीही ई-४ असलेले अनेकजण अखेरपर्यंत तल्लख राहतात आणि ते नसलेल्यांनाही हा आजार जडतो. व्यापारी भाषेत सांगायचे तर ही जोखीम आहे, बुडीत खाते नव्हे.

म्हणून केवळ धास्तीपोटी जनुकीय चाचणी करून घेणे शहाणपणाचे नाही. आधी डॉक्टरांकडे जावे. शाकाहारी घरांत आढळणारी बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत, जवळच लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. प्राथमिक तपासणीसाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बहिरेपण, बैठी दिनचर्या आणि एकटेपणा ही त्यामागील काही कारणे. दिवसभर गादीवर बसणाऱ्याला यातील निम्मी यादी परिचयाची वाटेल. जनुके बदलता येत नाहीत. श्रवणयंत्र लावणे व रोज चालणे मात्र हातचे आहे.

आणखी एक बाब कुटुंबे नेहमी उशिरा हाती घेतात. मृत्युपत्र करणाऱ्याची बुद्धी शाबूत असावी लागते. मुखत्यारपत्रावर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यास करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. तेव्हा मृत्युपत्र, संयुक्त खाती, भागीदारीतील बदल आणि उधारी-उसनवारीची नोंद ही कामे वडीलधाऱ्यांची सही त्यांच्याच समजुतीने होत आहे तोवर, त्यांना सन्मानाने शेजारी बसवून उरकावीत. त्यांच्याविषयीची चर्चा त्यांच्या पाठीमागे होऊ नये.