मनाचा आघात आणि दोन दिवसांचे प्रमाणपत्र

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्राशेजारी एक चौकट बरीच वर्षे टांगलेली होती. ‘आघातोपचार तंत्रांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याबद्दल’ असा मजकूर आणि खाली सोनेरी शिक्का. एका मोठ्या शहरातील हॉटेलच्या सभागृहात शनिवार-रविवार बसून मी ती मिळविली होती. गेल्या वर्षी ती उतरविली. आपल्या मंडळाने अशीच एक कार्यशाळा बऱ्हाणपुरात भरवावी, अशी सूचना काही तरुण सहकाऱ्यांनी केली आहे. सूचनेमागील हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. म्हणूनच ती चौकट मी का उतरविली, हे सांगणे मला भाग आहे.

इंदूर-इच्छापूर मार्गावरील अपघातात जिचा पती डोळ्यांदेखत गेला, अशी तिशीतील एक स्त्री माझ्याकडे आली होती. ट्रकचा भोंगा ऐकताच अंग कापे, रात्री झोप नाही, छातीत धडधड. ई.सी.जी. आणि थायरॉइडची तपासणी निर्दोष. दोन ठिकाणांहून अल्प्राझोलामच्या गोळ्या सुरू होत्या. मी नुकताच शिकून आलेलो. पहिल्याच भेटीत मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि तो प्रसंग आरंभापासून सांगावयास लावला. ती बोलू लागली, आणि अर्ध्यावर तिचा श्वास अडकला, हातपाय गार पडले. आता पुढे काय करावयाचे, हे मला ठाऊक नव्हते. कार्यशाळेत तो भाग दुसऱ्या दिवशी जेवणानंतर घाईने उरकला होता. निघणाऱ्यांना गाडी गाठायची होती. बाहेर वीस रुग्ण खोळंबलेले. मी पाणी दिले, गोळी दिली आणि तिला घरी पाठविले. ती पुन्हा आली नाही. महिनाभराने तिची सासू रक्तदाब तपासायला आली तेव्हा म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुमच्याकडून आली त्या रात्रीपासून सून स्वयंपाकघरातही एकटी जात नाही.”

शस्त्रक्रियेच्या खोलीत जे आपण कधीही केले नसते, ते मी बोलण्याच्या नावाखाली केले होते. पोट उघडले आणि टाके घालायला शिकलोच नव्हतो.

दोष तंत्राचा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली ई.एम.डी.आर. ही पद्धती, म्हणजे डोळ्यांच्या लयबद्ध हालचालींच्या साह्याने आघाताची स्मृती सुसह्य करणे, आरंभी पुष्कळांना हास्यास्पद वाटली होती. मलाही वाटली होती. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्रित वर्तनोपचाराबरोबर तिलाही मान्यता दिली. प्रश्न आहे तो शिकण्याचा. या पद्धतीचे आठ टप्पे आहेत आणि त्यांतील पहिले दोन, म्हणजे पूर्वेतिहास आणि रुग्णाची तयारी, यांना वेळ द्यावा लागतो. कार्यशाळेतून परतणाऱ्याच्या लक्षात मात्र राहतात ती हलणारी दोन बोटे. अमेरिकेतील या पद्धतीच्या संघटनेने मूलभूत प्रशिक्षणासाठी २० तास व्याख्याने, २० तास प्रत्यक्ष सराव आणि १० तास ज्येष्ठांबरोबर रुग्णचर्चा असा दंडक घातला आहे. ‘प्रमाणित’ म्हणवून घ्यायचे तर किमान २५ रुग्णांबरोबर ५० बैठका आणि आणखी २० तासांची रुग्णचर्चा. म्हणजे प्रमाणपत्र हे शिकण्याच्या अखेरीस यावयाचे असते. आपल्याकडे ते रविवारी सायंकाळी चहाबरोबर येते.

घाईने दिलेली मदत निरुपयोगीच ठरते असे नव्हे, अपायकारकही ठरू शकते. दुर्घटनेतून वाचलेल्यांना लगेच बसवून सर्व काही बोलते करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर बोकाळली होती. २००२ च्या कॉक्रेन समीक्षेत असे आढळले की, एकाच बैठकीच्या या उपायाने पुढील विकार टळत नाहीत, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात, त्या आघाताच्या लक्षणांसाठी बेन्झोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत, असे उपरोक्त सूचनांत म्हटले आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मला पुष्कळ उशिरा कळले. माझ्या पिढीच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राची पाळी दोन आठवड्यांची, आणि त्यातही उपस्थिती लागली की आम्ही पसार.

मग लहान गावातील डॉक्टरांनी हात बांधून बसावे काय? तसे मुळीच नाही. आपल्याच राज्याचा इतिहास वेगळे सांगतो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. डोळे आणि फुप्फुसे यांची तपासणी सुरू झाली, पण मनाचे दुखणे पहिल्या आठवड्यांत कोणाच्या यादीतच नव्हते. थकवा, भीती, निद्रानाश सांगणाऱ्यांकडे नुकसानभरपाईसाठी सोंग करणारे म्हणून पाहिले गेले. १९८५ च्या फेब्रुवारीपासून लखनौच्या पथकाने गॅसपीडित भागातील दहा दवाखान्यांत ८५५ रुग्णांची चाळणी केली; १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्क्यांना, मानसिक विकार आढळला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. राज्यात मनोविकारतज्ज्ञांची तीव्र वानवा होती. तेव्हा बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी तेथील सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि त्यांच्यासाठी हस्तपुस्तिका तयार केली. या प्रशिक्षणाने कोणालाही ‘आघाततज्ज्ञ’ केले नाही. विकार ओळखावा, रुग्णावर विश्वास ठेवावा, झेपेल तेवढे उपचार करावेत आणि न झेपणारा रुग्ण पुढे पाठवावा, इतकेच शिकविले. मला हे ‘इतकेच’ फार मोलाचे वाटते.

दुसरे उदाहरण गोव्याचे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या सामान्य कार्यकर्त्यांना नैराश्यावरील संक्षिप्त समुपदेशन शिकविले. त्याचे अनुकूल निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. विषय आघाताचा नव्हता, हे मान्य; पण शिकविण्याची रीत पाहावी. तीन आठवडे वर्ग, त्यानंतर सहा महिने देखरेखीखाली काम. बैठकांचे ध्वनिमुद्रण, आणि ते ऐकून सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण. बारावी शिकलेल्या मुलीने हे सोसले, आपण मात्र आपली बैठक दुसऱ्याने ऐकावी म्हटले की बिथरतो! ‘संगत’ने पुढे आपल्या सीहोर जिल्ह्यातील आशा कार्यकर्त्यांसाठीही असे प्रशिक्षण आखले.

कायद्याची बाजू थोडक्यात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसह इतर व्यवसायांसाठी २०२१ चा सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायदा आला आहे, परंतु त्याची घडी सावकाश बसत आहे. तोवर वाटेल त्याने वाटेल तो शिक्का छापावा, अशी अवस्था आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली; खासगी दवाखान्यांचा त्यात विचार नाही. आणि पॉवरलूममध्ये बोटे गमावलेला कामगार प्रथम येतो तो आपल्याच दारात.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्याच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा खंडव्यापलीकडचे ते गाव आपल्याला किती जवळचे आहे हे जाणवले. तशी वेळ येथे आली तर आपल्यापैकी कोण काय करणार?

माझे म्हणणे असे. कार्यशाळा अवश्य भरवावी, पण ती मानसिक प्रथमोपचाराची असावी: पाहणे, ऐकणे आणि योग्य ठिकाणी जोडून देणे. आयुर्वेद महाविद्यालयातील वैद्य, परिचारिका आणि शिक्षक यांनाही तीत बसवावे. प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये. प्रत्येक दवाखान्यात १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावावा. आणि मंडळाच्या निधीतून एका तरुण सहकाऱ्याला किंवा सहकारिणीला आघातोपचाराच्या संपूर्ण प्रशिक्षणासाठी पाठवावे, पुढील दोन वर्षांच्या देखरेखीच्या खर्चासह. इंदूरला जाण्यायेण्याचे भाडे धरले तरी दरवर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चाहून ही रक्कम फार मोठी होणार नाही, असा माझा अंदाज आहे. कोषाध्यक्ष मला दुरुस्त करतील.

हा ठराव मी आगामी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. त्या स्त्रीला मी नंतर इंदूरच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची व्यवस्था केली. सासू सोबत जाते. पहिल्या चार भेटींत, तिने मला सांगितले, त्या डॉक्टरीणबाईंनी अपघाताचा विषयही काढला नाही.