रक्त होते, पोचत नव्हते

"मी धंदा करणार," दहावीतला एक मुलगा आम्हाला म्हणाला. शेजारची मुलगी फटकन बोलली, "धंदा म्हणजे स्वतःचंच बघणं. मी खिदमत करणार." दोघांचे भांडण मिटवण्यापेक्षा आम्ही त्यांना नायजेरियाच्या तेमी गिवा-तुबोसुन यांची गोष्ट सांगितली.

तेमी यांचा जन्म १९८५ चा. नायजेरियात जन्मल्या, अमेरिकेत शिकल्या. २००९ साली शिकत असतानाच कामानिमित्त त्या उत्तर नायजेरियातील कानो या मुस्लिमबहुल भागात गेल्या. तिथे एका घरात तीन दिवस कळा सोसणारी बाई त्यांनी पाहिली. बाळ पायाळू, आणि घरचे हताश होऊन तिच्या मरणाची वाट बघत बसलेले. २०१४ साली अमेरिकेत खुद्द तेमी यांचे बाळंतपण वेळेआधी आणि अवघड झाले. इस्पितळ सुसज्ज होते म्हणून मायलेक वाचले.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर बाई बघता बघता हातची जाते. म्हणून तेमी यांनी आधी रक्तदानाचा प्रचार केला. मग ध्यानात आले की रक्तदाते कमी आहेत हे खरेच, पण दुखणे तेवढेच नाही. रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये जेमतेम पाच-सहा आठवडे टिकते. एका रक्तपेढीत पिशव्या मुदत संपून फेकल्या जात, आणि त्याच लागोस शहरात दुसरीकडे नातेवाईक त्याच गटाचे रक्त शोधत फिरत. कुठे काय शिल्लक आहे हे कोणाला ठाऊकच नसे. त्यात लागोसची वाहतूक!

२०१६ साली त्यांनी 'लाइफबँक' सुरू केली. कोणत्या पेढीत कोणत्या गटाचे किती रक्त आहे, याची नोंद ठेवायची; इस्पितळाची मागणी आली की थंड पेटीत पिशवी घालून मोटारसायकलवाला पाठवायचा. रात्र असो की दिवस. पुढे ऑक्सिजनचे सिलिंडरही पोचवू लागले, काम केनिया आणि इथिओपियापर्यंत गेले. २०१९ मध्ये जॅक मा यांच्या संस्थेने आफ्रिकी उद्योजकांसाठी ठेवलेले अडीच लाख डॉलरचे पहिले बक्षीस तेमी यांना मिळाले.

आम्हाला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती नोंदवही. मोटारसायकली काय, कोणीही घेईल.

"फी कोण देतं?" मुलाने विचारले. इस्पितळ देते, आम्ही म्हणालो. "म्हणजे शेवटी पेशंटच्याच बिलात ना?" प्रश्न रास्त होता. पण नातेवाईक पूर्वीही भाडे खर्चून पेढ्या पालथ्या घालतच होते. पैसा जायचा आणि वेळही. शिवाय फुकट चालणारी गाडी पेट्रोल संपले की थांबते, आणि मोटारसायकलवाल्यालाही घरी चूल पेटवायची असते. रास्त दाम घेऊन अमानत वेळेवर पोचवणे, ही आपल्याकडे तिजारतच मानली गेली आहे.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या तालुक्याला रक्तपेढी कुठंय?"

वर्गात कोणालाच सांगता आले नाही. खरे तर आम्हालाही नाही.