रंगीत तालमीतले पानिपत

गेली वीस वर्षे परीक्षा घेणे हा माझा धंदा आहे. पेपर काढावेत, तपासावेत, बेरजा माराव्यात आणि कोण तरणार, कोण बुडणार याचे भविष्य वर्तवावे, यातच माझी हयात चालली आहे. त्यामुळे निकालाच्या बाबतीत आता आपल्याला कोणी काही शिकवील असे मला वाटत नव्हते. पण ते घडले, आणि तेही अमेरिकेतल्या एका तळघरात, बटाटेवडे खाताना.

माझा धाकटा भाऊ इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी असतो. कमिन्स कंपनीचे हे मूळ गाव. कोथरूडच्या कारखान्यामुळे पुण्याशी त्याची जुनी सोयरीक. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये रजा काढून मी भावाकडे गेलो होतो. एका संध्याकाळी त्याच्या तळघरात दहाबारा मंडळी निळे सदरे घालून टेलिव्हिजनपुढे जमली. सामना अमेरिकन फुटबॉलचा, आणि आपला संघ इंडियानापोलिसचा 'कोल्ट्स', म्हणजे शिंगरे. हातात धरून पळायच्या चेंडूच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, असे मी विचारणार होतो. पण एकेकाचे गंभीर चेहरे पाहून वडा तोंडात टाकला आणि गप्प बसलो.

खेळ मला पंधरा वर्षांच्या पुतण्याने समजावला. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू लांब फेकून पुढे जावे, नाहीतर बगलेत मारून माणसांच्या गर्दीतून घुसावे. या घुसणाऱ्याला अडवणे म्हणजे धावेचा बचाव. "काका, दर धावेला चार यार्ड दिले, तर तीन धावांत काम झालं. त्यांना फेकायची गरजच नाही," तो म्हणाला. शिवाय घड्याळ चालू राहते आणि आपले चढाईवीर बाकावर नखे खात बसतात.

समोरच्या धिप्पाड गड्यांच्या मधे ज्या फटी असतात, त्यांतली एकेक फट बचावाच्या एकेका गड्याला नेमून दिलेली असते. त्याने तिथेच उभे राहायचे. हुलकावणीला भुलून, किंवा शेजारच्याचे काम आपणच करून दाखवावे या हौसेने तो हलला, की चेंडूवाला नेमका त्याच फटीतून पसार! हे ऐकून मी एकदम घरी आलो. लहानपणी आम्ही फक्कीने आखून आट्यापाट्या खेळत असू. तिथेही हाच नियम: दुसऱ्याच्या पाटीवर काही का होईना, आपली पाटी सोडायची नाही.

त्या रात्री शिंगरांनी बऱ्याच पाट्या सोडल्या. परके गडी पाचपाच यार्ड सहज तोडत होते. सामना संपला आणि खरा सामना सुरू झाला.

"मधली फळी पोकळ आहे. हंगाम गेला!" एक इंजिनियर म्हणाले.

"अहो, हा हंगामापूर्वीचा सामना. याचे गुण धरत नाहीत. मुख्य गडी बाकावर बसले होते," दुसरे म्हणाले.

"म्हणून काय झालं? बाकीच्यांना अडवता नको का यायला?"

तिसऱ्यांनी कागदावर यार्ड मांडून सरासरी काढली. माझा भाऊ एरवी घरात पाणीही मोठ्याने मागत नाही. तो हातातला वडा परजत म्हणाला, "डोक्यावरून चेंडू गेला तर नशीब म्हणता येतं, दादा. पण छातीवरून माणूस जातो म्हणजे काय?" पानशेतच्या धरणाचीही कोणी इतकी कठोर चौकशी केली नसेल. भावजय जिन्यावरून म्हणाली, "रंगीत तालमीत जर हे पानिपत, तर नाटकाला काय करणार आहात?"

तेव्हा कोपऱ्यात बसलेले शेजारचे अमेरिकन आजोबा खाकरले. "२००५ साली हाच संघ हंगामापूर्वीचे पाचही सामने हरला," ते म्हणाले. "मग हंगामातले पहिले तेरा ओळीने जिंकला. डेट्रॉइटने २००८ साली तालमीचे चारही जिंकले आणि हंगामातले सोळाच्या सोळा हरले. २०१७ साली क्लीव्हलंडनेही हुबेहूब तेच केले."

सारे गप्प झाले. आजोबा रंगात आले. २००६ साली कोल्ट्सचा धावेचा बचाव बत्तीस संघांत शेवटचा होता. दर सामन्याला १७३ यार्ड. १० डिसेंबरला जॅक्सनव्हिलने तर एकाच दिवशी ३७५ यार्ड लुटले. सगळ्या शहराने कपाळाला हात लावला. पण बाद फेरी आली, गुडघ्याच्या दुखण्याने बहुतेक हंगाम बाहेर बसलेला बॉब सँडर्स परतला, फटी बुजल्या, आणि चार सामन्यांत तीच सरासरी ८३वर आली. ४ फेब्रुवारी २००७ रोजी मायामीच्या भर पावसात शिकागोला २९-१७ असे हरवून त्यांनी सुपर बोल जिंकला.

"म्हणजे तालमीवरून काहीच कळत नाही?" मी विचारले.

उत्तर पुतण्याने दिले. "कळतं ना काका. पण फलकावरून नाही. कुणी आपली फट सोडली, कुणी धरलेला माणूस सुटू दिला, ते बघायचं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुम्ही सगळे शेवटच्या भागात वडे खायला उठलात ना, तेव्हा जे खेळत होते त्यांच्यासाठी हा सामना तालमीचा नव्हता."

मग त्याने मला हिशेब सांगितला. ऑगस्टच्या सरावाला नव्वद गडी असतात. हंगामासाठी त्रेपन्न ठेवतात. उरलेल्यांतल्या काहींना सरावाच्या तुकडीत आसरा मिळतो, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. शेवटच्या पंधरा मिनिटांत असा एक पोरगा सामना हरलेला असतानाही आपली फट धरून उभा होता. पुतण्याने त्याचा क्रमांक लक्षात ठेवला होता. आम्ही फक्त फलक पाहिला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वेळ बदलल्यामुळे, असे मी सकाळी सांगितले. खरे कारण निराळे होते. काही वर्षांपूर्वी बारावीच्या पूर्वपरीक्षेत एका मुलाला मराठीत शंभरांपैकी एकोणतीस गुण पडले. त्याच्या वडिलांना बोलावून मी म्हणालो, "यंदा बसवू नका. वर्षभर तयारी करू द्या." वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मुलगा परीक्षेला बसला नाही, आणि पुढच्या वर्षी कॉलेजातही आला नाही.

त्याचा पेपर मला अजून आठवतो. साऱ्या गठ्ठ्यात निबंधाला गाईडातलेच परिच्छेद होते. या एकट्याने आपल्या गावची जत्रा लिहिली होती, आणि तीत वेळ गेल्याने पुढचे प्रश्न राहिले होते. त्या निबंधाला सर्वांत जास्त गुण मीच दिले होते. पण वडिलांशी बोलताना माझ्यापुढे पेपर नव्हता, बेरीज होती.

आता कोणाच्याही आईवडिलांना बोलावण्याआधी मी पेपर पुन्हा वाचतो. त्याने त्या मुलाचे वर्ष परत येत नाही. कॉलेजच्या फाटकासमोर त्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. मुले त्याच्याकडून गाईडांच्या प्रती काढून नेतात. मी गेलो की तो उठून उभा राहतो आणि पैसे घेत नाही.

हा लेख पाठवण्यापूर्वी त्याची एक प्रत काढायची आहे. ती मी त्याच्याकडूनच काढणार आहे, आणि तो वाचीपर्यंत तिथे थांबणार आहे.