ट्रॉलीतली शिवारफेरी सपाट रानातच हवी

हुरड्याच्या दिवसांत शाळेच्या मदतनिधीसाठी मुलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शिवारफेरी घडवली जाते. हेतू चांगला; पण ट्रॉली माल वाहण्यासाठी असते, माणसांसाठी नव्हे. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. त्यात वेग ताशी १० वरून २० किलोमीटर झाला, तर थांबताना ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

म्हणून फेरी सपाट रानातच, चालण्याच्या वेगाने व्हावी. फाळके बंद, मुले तळाशी कडब्यावर बसलेली आणि सोबत जाणते माणूस असावे. मडगार्डवर कोणीही बसू नये. उतरलेली मुले चाकांपासून दूर गेल्याखेरीज चालकाने ट्रॅक्टर हलवू नये. उतार किंवा हमरस्ता टाळता येत नसेल, तर फेरीच रद्द करावी. निधी नुसत्या हुरड्यावरही जमेल.