कमान थांबवा, शब्बाथ शाळा उघडा : मंडळीच्या सर्व सभासदांना जाहीर आवाहन

गेल्या रविवारच्या वार्षिक सभेत मंदिराची कमान आणि नवी ध्वनियंत्रणा यांचा खर्च चहा येण्याआधीच मंजूर झाला. बंद पडलेली शब्बाथ शाळा आणि विधवा-वृद्धांचा मदत निधी हे विषय मात्र 'वेळ संपली' म्हणून पुढच्या वर्षावर ढकलले. मंडळी असते कशासाठी, याचाच आपल्याला विसर पडला आहे. प्रेषितांची कृत्ये, दुसऱ्या अध्यायातली 42 ते 47 ही वचने उघडा : शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे, प्रार्थना, स्तुती, गरजवंताला वाटून देणे, हे सारे एकाच मंडळीत चालले होते आणि तिच्यात रोज भर पडत होती. सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी वचनाची सेवाही सोडली नाही आणि विधवांना पुढच्या सभेची तारीखही दिली नाही. सात माणसे निवडून काम सोपवले.

'उपासना नीट झाली की पुरे, समाजसेवेला संस्था आहेत' असे म्हणणाऱ्यांनी केडगावकडे पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-विधवांना तिथे आसरा दिला. त्याच आवारात स्वयंपाकघर, शाळा आणि छापखाना होता. 1905 ची प्रार्थनेची जागृती तिथेच झाली, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बाईंनी केलेले मराठी बायबलही तिथेच छापले गेले. नुसत्या सेवेवर भागेल म्हणणारेही चुकतात. वचन गेले की मंडळीचे मंडळ होते. 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू करणाऱ्या, कवी ना. वा. टिळकांची भजने गाणाऱ्या परंपरेतली आपली मुले आज मराठी शास्त्रपाठ अडखळत वाचतात, याची लाज वाटायला हवी. राहिला 'पैसे नाहीत' हा आक्षेप. कमानीला कुठून आले?

तेव्हा येत्या रविवारी उपासना संपताच घरी पळू नका. विशेष सभेच्या मागणीवर सह्या करा, ती सभा होईपर्यंत कमानीचे काम थांबवा. निवृत्त शिक्षक आपल्यात ढिगाने आहेत, त्यांनी शब्बाथ शाळेसाठी नावे द्यावीत. बुधवारचा बायबल अभ्यास घरोघरी फिरता ठेवू. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन घरी मिळालेच पाहिजे. मदत निधीला सात जण निवडा, त्यांत किमान चार बहिणी. हिशोब दरमहा फळ्यावर. टाळेबंदीत घरोघरी शिधा पोचवला तो आम्हीच, तेव्हा कुणाला ठराव लागला नव्हता. पाळकसाहेबांकडे निवेदन दिले आहे. मंडळीच्या पंचांनी विशेष सभेची तारीख जाहीर करावी.

– तरुण संघ व महिला मंडळ